मावसांचा न लागणारा आकडा

आकडा लावून श्रीमंत झालेली माणसं मी ऐकली आहेत आणि देशोधडीला लागलेली डोळ्यांनी पाहिली आहेत. पण आकडा सतत चुकवून गावात मान मिळवलेला माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि ते माझे मावसा होते. धाकट्या डहाणूला खाडीच्या काठी त्यांची शेड होती. मचव्यांची शिडं शिवणं हा त्यांचा धंदा. हातात हे मोठं दाभण, मांडीवर अर्ध्या अंगणाएवढं कापड आणि समोर कायम पाच-सहा माणसं बसलेली. शिडाची शिवण अशी, की वारा हरेल पण टाका सुटणार नाही. त्याच माणसाचं डोकं आकड्यापाशी आलं की असं उसवायचं, की विचारू नका.

ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल (आणि नसेल तर देवाचे आभार माना) त्यांच्यासाठी सांगतो. शून्यापासून नऊपर्यंतचा एक आकडा मनात धरायचा आणि डहाणू रोडला स्टेशनबाहेरच्या पानवाल्याकडे चिटोऱ्यावर लिहून द्यायचा. त्या काळी निकाल न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून लागायचा. भाव तारेने मुंबईला यायचा आणि मुंबईहून सकाळच्या गाडीने डहाणूला उतरायचा. कोण कुठला कापूस आणि कुठलं आमचं धाकटं डहाणू! पण मावसांना त्यात काहीच नवल वाटत नसे. ते म्हणत, "अरे, शीड कशाचं? कापडाचं. कापड कशाचं? कापसाचं. आणि शीड चालतं कशावर? वाऱ्यावर. म्हणजे कापूस आणि वारा एका घरचे झाले की नाही?" दर शुक्रवारी ते किनाऱ्यावर जाऊन बोट ओलं करून वर धरत, डोळे मिटत आणि जाहीर करत, "वायव्येचा सुटलाय. अमेरिकेत मंदी. तीन!" शनिवारी सकाळी आठ यायचा, नाहीतर शून्य यायचा. तीन काही यायचा नाही.

वाऱ्याने दगा दिला की ते स्वप्नांकडे वळत. एकदा मी सुट्टीत तिथे होतो, तेव्हा स्वप्नात त्यांना चिंबोरी, म्हणजे खेकडा दिसला. आता चिंबोरी म्हणजे किती? पहाटे पहाटे त्यांनी मला उठवलं आणि आम्ही दोघं मासळीच्या टोपल्यांमध्ये उकिडवे बसून पाय मोजायला लागलो. पाय आठ आणि नांग्या दोन. "नांग्या हात धरायच्या की पाय?" मावसांनी मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, "काका, चावल्यावर विचारा तिलाच." मावसांनी घटकाभर विचार केला आणि नांग्या हातांत मोजल्या. आठ लावला. दुसऱ्या दिवशी शून्य आला, म्हणजे दहा धरून शेवटचा शून्य लावला असता तर लागला असता. पुढचे आठ दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, "अभ्यास बरोबर होता. नांग्यांनी घात केला."

साठ साल उलटलं आणि कापसाचा भाव येणं बंद झालं. आता म्हणे मुंबईत माठात पत्ते टाकून त्यातून आकडा काढू लागले. घरातलं कुणी गेल्यासारखे मावसा दोन दिवस जेवले नाहीत. "दहा वर्षांचा अभ्यास रे! पाण्यात!" तिसऱ्या दिवशी उठले आणि मावशीचा पाण्याचा माठ रिकामा करून घेऊन बसले. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, हलवायचा, एक काढायची आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. दिवसभर हेच. संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष काढला की ओलसर चिठ्ठी माठाला चिकटते, तेव्हा ज्या आकड्याचा पत्ता दमट असेल तो येत नाही. "पण मुंबईतला कुठला पत्ता दमट आहे हे इथे बसून कसं कळणार?" मी विचारलं. मावशी आतून म्हणाली, "त्यापेक्षा घरात प्यायला पाणी नाही हे कळलं तरी पुष्कळ झालं."

मी तेव्हा तलासरीला शाळेत गणित शिकवत होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी. पकडून धाकट्या डहाणूला यायचो. मला मावसांचा फार राग यायचा. अहो, दहा आकडे, त्यातला एक येणार, यात अभ्यास तो कसला? आंधळ्याने बोट ठेवलं तरी दहात एकदा लागावा. मी त्यांना पाटीवर मांडून दाखवलं, चिडून दाखवलं, हात जोडून दाखवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. गंमत अशी, की या माणसाने आंधळ्यालाही मागे टाकलं होतं. इतक्या वर्षांत दर शुक्रवारी एक आकडा त्यांनी सांगितला आणि एकदाही तो आला नाही. माझ्या गणिताला लाज आणणारी गोष्ट होती ती.

माझ्या आधी ती एका तांडेलाच्या लक्षात आली. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य माणूस, वारा-पाणी ओळखणारा. त्याने मावसांचं कसबही ओळखलं. शुक्रवारी तो शेडमध्ये येऊन आदराने विचारायचा, "काका, या वेळी काय?" मावसा सांगायचे, "सहा." मग तांडेल स्टेशनवर जाऊन सहा सोडून दुसरा कुठलाही आकडा लावायचा. हळूहळू सगळं गाव तेच करायला लागलं. बातमी तलासरीपर्यंत पोहोचली. वर्गाच्या खिडकीतून डोकावून लोक विचारायचे, "मास्तर, तुमच्या मावसाने काय सांगितला?" मी एकदा तांडेलाला झापलं, "अरे, एक सोडला तरी नऊ उरतात. त्यातला कुठला लावणार?" तो म्हणाला, "ते आमचं आम्ही बघू. एक तरी गेला ना!"

मावसांना मात्र यातलं काही ठाऊक नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना वाटायचं, लोक आपला अभ्यास ऐकायला येतात. आणि मीही गप्प बसलो, कारण त्याच सुमारास मचव्यांवर इंजिनं बसायला लागली होती. ज्या शेडमध्ये पावसाळ्यात शिडांचे ढीग लागायचे, तिथे आता दोन-तीन जुनी शिडं यायची, तीही ठिगळापुरती. कामाला कुणी येत नव्हतं, पण शुक्रवारी आकडा विचारायला येत होते, चहा घेत होते, बसत होते. मावसांचा आठवडा त्या शुक्रवारावर चालला होता.

आणि एका शुक्रवारी मावसांनी सांगितलं, "सात." गावाने सात सोडला. शनिवारी सकाळच्या गाडीने सात उतरला.

मी दुपारी पोहोचलो तेव्हा शेडमध्ये दहा-बारा माणसं तावातावाने बोलत होती. जन्मात पहिल्यांदा आकडा बरोबर सांगितला म्हणून एका माणसाची खरडपट्टी चालली होती! तांडेल ओरडत होता, "काका, दोन वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला! घात केलात!"

मावसा म्हणाले, "अरे, मी सात सांगितला होता की. मग लावायचा."

"लावायचा कशाला? तुम्ही सांगितला म्हणून तर सोडला!" तांडेल बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मावसांनी दाभण कापडात टोचून ठेवलं. म्हणाले, "माझाही गेला. मी चार लावला होता."

"तुम्ही? तुम्ही का सोडलात?"

"माझा आकडा सोडून तुम्ही सगळे इतके खूश दिसता. म्हटलं, एकदा आपणही सोडून बघावा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! दोन वर्षं माहीत होतं! एकेक जण चप्पल घालून निघून गेला. राग कुणाच्याच मनात फार राहिला नाही, पण लोकांच्या लेखी मावसांचा नेम गेला होता. बरोबर येऊ लागलेला माणूस काय कामाचा? पुढच्या शुक्रवारी शेडमध्ये कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.

तिसऱ्या शनिवारी मी गेलो तर मावसा एकाच जुन्या शिडाची चांगली शिवण उसवून पुन्हा शिवत बसले होते. वारा नाही, स्वप्नं नाहीत, माठ नाही. मावशीने सवयीने मोठं पातेलं चढवलं होतं. त्यातला चहा आम्ही तिघांनी किती पिणार? ती मला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "त्यांना आकडा नको आहे रे. त्यांना माणसं हवीत. तू एवढा शिकलेला, कर ना काहीतरी."

मी शिकलेला होतो, म्हणूनच जे केलं ते मला करवत नव्हतं. तडक तांडेलाच्या घरी गेलो आणि म्हणालो, "हे बघ, दहात एकदा आकडा लागायचाच, हे गणित आहे. मावसांची ती एक वेळ येऊन गेली. आता पुष्कळ दिवस लागत नाही. आता तर त्यांचा नेम पूर्वीपेक्षा पक्का." इतकं धडधडीत खोटं मी कुठल्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर पेपर फाडला असता. मागचं काय झालं ते पुढच्या चिठ्ठीला ठाऊक नसतं, हे मीच वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवत आलो होतो. तांडेलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मास्तर सांगतात म्हणजे खरंच असणार. येतो शुक्रवारी. पण पुन्हा आला, तर बस्स! पुन्हा पायरी चढणार नाही."

त्या शुक्रवारी मी दोन दिवसांची रजा टाकली. तांडेल आला, त्याच्यामागून सातआठ जण आले, अवघडून बसले. "काका, या वेळी काय?" मावसांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन बोट ओलं करून वर धरलं, डोळे मिटले, इतका वेळ मिटले की मलाच धीर निघेना. आत येऊन म्हणाले, "पाच."

शनिवारी सकाळी मी डहाणू रोडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभा होतो. मी देवाकडे कधी परीक्षेतले मार्क मागितले नाहीत, नोकरी मागितली नाही. त्या सकाळी मात्र मनात एकच घोकत होतो, देवा, पाच नको. काय हवं ते येऊ दे, माझ्या मावसांना हरव. गाडी आली. पानवाला डब्याशी जाऊन कुणाशी तरी बोलला आणि मागे वळून ओरडला, "दोन!"

धाकट्या डहाणूपर्यंतची वाट मी जवळजवळ पळत काढली. माझ्या आधीच बातमी पोहोचली होती. शेडमध्ये बसायला जागा नव्हती. तांडेलाने टोपलीभर बोंबील आणून मावशीच्या पुढ्यात ओतले होते आणि तो सगळ्यांना सांगत होता, "म्हटलं नव्हतं? काकांचा हात म्हणजे हात!" मावशी पदर खोचून पातेल्यात साखर टाकत होती. मावसा मधोमध बसून, चार का नाही, आठ का नाही आणि पाचच का, हे वाऱ्यावरून सगळ्यांना समजावून देत होते.

जरा गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, "मावसा, खरं सांगा. काही युक्ती होती का?"

त्यांनी दाभणात दोरा ओवला. "अरे मास्तर, दहात नऊ वेळा हरायला कसली युक्ती लागते? ती दहावी वेळ तेवढी लांब राहू दे म्हणायचं." मग दोऱ्याला गाठ मारून म्हणाले, "तू तांडेलाला काय सांगितलंस ते कळलं मला. वर्गात सांगू नकोस हो असलं."

मावसा त्यानंतर तीन पावसाळे होते. त्या तीन पावसाळ्यांत त्यांचा आकडा पुन्हा लागला की नाही, हे मी मुद्दाम कधी कुणाला विचारलं नाही. त्या शनिवारी मी तलासरीची एस.टी. पकडायला निघालो, तेव्हा मागे शेडमध्ये सगळे मोठमोठ्याने हसत होते. त्यात मावसांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आपलं माणूस हरलं म्हणून इतकं बरं मला जन्मात पुन्हा कधी वाटलं नाही.