वाचून आजारी पडणारे काका

जगातले झाडून सगळे आजार आमच्या काकांना एकदा तरी होऊन गेले असतील. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नोकरीसाठी मी अकोल्याहून पुण्यात आले आणि बिबवेवाडीत त्यांच्याकडे राहिले. तेवढ्या काळात मी त्यांना कावीळ, हृदयविकार, मेंदूज्वर आणि फक्त आफ्रिकेतली माशी चावल्यानेच होणारा एक आजार, असे एकापाठोपाठ एक होताना पाहिले. यातला एकही डॉक्टरांना सापडला नाही, पण त्याला काकांचा नाइलाज होता. डॉक्टर घाईत असतात, असं त्यांचं मत. माणूस तसा काटक. आयुष्यभर कारखान्यात तयार मालातली खोट शोधायचं काम केलेलं. निवृत्तीनंतर तपासायला स्वतःचं शरीरच तेवढं उरलं होतं.

औषधाच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा, घड्या घातलेला कागद असतो, आणि जो आपण उघडायच्या आधीच फेकतो, तो काका भिंग लावून वाचत. तोही मोठ्याने, आणि नेमका जेवताना. सर्दीच्या गोळीने यकृत निकामी होऊ शकतं, ही माहिती मला वरणभात कालवताना मिळाली. लाखात एखाद्यालाच असं होतं, असं लिहिलेलं असलं की तो एखादा म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नसे. एका कागदावर दुष्परिणाम असे काही दिलेलेच नव्हते, तेव्हा तर ते सगळ्यात जास्त घाबरले. लपवताहेत लेकाचे, म्हणाले. मावशी म्हणायची, यांना औषध द्यावं, पण खोकं दाखवू नये.

मग आमच्या कोपऱ्यावर सायबर कॅफे निघाला आणि काकांना रानच मोकळं मिळालं. मी सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे इंटरनेट आमच्याच ऑफिसात तयार होतं अशी त्यांची समजूत. भलतंसलतं काही वाचलं की "तुमच्या इंटरनेटवर असं लिहिलंय" म्हणून मला जाब विचारत. एकदा त्यांच्या रक्तातली उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याण्णव आली. काका रिपोर्ट घेऊन कॅफेत गेले, कुठल्याशा परदेशी रुग्णालयाची माहिती उघडली, आणि ही साखर सहाच्या आत हवी असं वाचून भिंतीला धरत घरी आले. सहाच्या जागी अठ्ठ्याण्णव! त्यांनी मावशीला कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, अकोल्याला माझ्या आईला फोन करून सगळ्यांची काळजी घ्यायला सांगितलं, आणि शेवटचं म्हणून श्रीखंड आणून आम्हाला वाढलं. स्वतः नुसतेच वाटीकडे बघत बसले. मला हसू येत होतं, पण वाढताना त्यांचं अर्धं श्रीखंड ताटाबाहेर पडत होतं, ते मी पाहिलं. त्यांचे आजार खोटे असत, भीती मात्र अगदी खरी असे.

आमचे डॉक्टर अस्सल पुणेरी. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "काका, तिकडे साखर वेगळ्या मापात मोजतात. मैलांचा आकडा तुम्ही किलोमीटर समजून वाचलात. तुम्ही म्हणता एवढी साखर असती, तर तुम्हाला इथवर मुंग्यांनीच उचलून आणलं असतं." काकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "आजही घाईत होते."

हे सगळं मजेचंच राहिलं असतं. पण होळीच्या सुमारास एका रविवारी, मटार सोलता सोलता, मावशीने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ हाताला लागली. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाली, दिवाळीपासून. इतके दिवस बोलली का नाहीस, म्हणून मी चिडले, तेव्हा ती आतल्या खोलीकडे बघत कुजबुजली, "यांना कळलं असतं. हे वाचतील गं. जेवताना वाचतील." गाठीपेक्षा तिला त्या वाचनाची धास्ती होती.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या. कर्करोगच निघाला, आणि मोठ्या डॉक्टरांनी यजमानांना बोलावून घेतलं. काका खुर्चीच्या कडेवर बसून सगळं ऐकत होते. एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी उठून ते कॅफेत गेले, तेव्हा मी आणि मावशी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिलो. आता काय काय छापून आणतील, याचीच भीती होती. काका रिकाम्या हातांनी परत आले. "लाइन बंद आहे," एवढंच म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस ते रोज जात आणि रोज लाइन बंद असे. शेवटी कॅफेवाल्यानेच मला रस्त्यात गाठून विचारलं, काकांचं काही बिनसलंय का. येतात, कोऱ्या स्क्रीनसमोर बसतात, एक अक्षर टाइप करत नाहीत आणि उठून जातात.

घर एकदम चिडीचूप झालं. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की मावशी आता जास्तच घाबरली. एवढा वाचणारा माणूस गप्प बसलाय, म्हणजे आपलं काही खरं नाही, असं तिने मनाशी धरलं. तिचं जेवण तुटलं. शस्त्रक्रियेला जायलाही ती तयार होईना. नेऊन उपयोग काय, म्हणायची. अखेर एक दिवस ताट बाजूला सारून ती काकांना म्हणाली, "अहो, काय लिहिलंय ते एकदाचं सांगून टाका. तुम्ही बोलत नाही, त्यानेच मी मरेन."

काका रडायलाच लागले. "मी बघितलंच नाही गं. माझी छातीच होत नाही."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचे सगळे रुग्ण संपेपर्यंत बाहेर बसून राहिले, आणि मग म्हणे आत जाऊन म्हणाले, मला हिच्या आजाराचं सगळं मराठीत सांगा, मला घरी जाऊन सांगायचंय. घरी आले, चप्पल काढून थेट मावशीच्या शेजारी बसले आणि सांगू लागले. आधी शस्त्रक्रिया, मग औषधं, मळमळ होईल, थकवा येईल, अन्नाची चव जाईल. डॉक्टर म्हणाले लवकर केलं तर आशा चांगली आहे. खात्री नाही म्हणाले, आशा म्हणाले. यातलं काकांनी काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही. केस जातील म्हणाले, तेव्हा मात्र मावशीचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

"परत येतात?"

"येतात. विचारलंय मी."

त्या दिवशी ती कधी नव्हे ती पोटभर जेवली, आणि त्याच आठवड्यात रुग्णालयात दाखल झाली.

केस परत आले, कुरळे आले. काका त्यानंतरही पुष्कळ वर्षं नेमाने आजारी पडत राहिले, आणि एका दुपारी कुठलाही आजार न वाचता, बसल्या जागी गेले. परवा मला डॉक्टरांनी एक तपासणी करून घ्यायला सांगितली. आता कॅफेत जावं लागत नाही, सगळं हातातल्या फोनवर असतं. मी वाचत गेले, वाचत गेले, आणि शेवटी घाबरून मावशीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे असते, तर जाऊन विचारून आले असते गं."