टोपलीतल्या मांजरीची नखं

जर्मनीत एर्लांगेनला शिकत असताना बसमध्ये भेटलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मला कधीच कळलं नाही. बाहेर इतकं धुकं होतं की बस जणू ढगातूनच चालली होती. त्यांच्या मांडीवरच्या टोपलीत मांजर होती. घरमालकानं नवा वॉलपेपर लावला होता; मांजरीची नखं काढून आणा, नाहीतर खोली सोडा, असं त्यानं बजावलं होतं. म्हणून त्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या.

"अहो, नखंच तर जाणार!" समोरचे गृहस्थ हसले. "खोली गेली तर दुसरी कोण देणार, बाई?"

"नखाबरोबर बोटाचं पेरही कापतात," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी टोपलीत बोट सरकवलं. मांजरीनं ते अलगद नखांत पकडलं.

"पाहा," त्या मला म्हणाल्या, "ओरबाडत नाही. धरून ठेवते."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निघताना आईनं माझं मनगट असंच धरलं होतं. पण हे त्यांना सांगायला धजलो नाही.

बस थांबली, दार उघडलं, थोडं धुकं आत आलं.

"तुमचा थांबा!" गृहस्थ म्हणाले.

"हो, हो," बाई पुटपुटल्या. पण उठल्या नाहीत, टोपलीतलं बोटही त्यांनी काढलं नाही. दार लागलं आणि बस पुढे निघाली.