भरीत, आकडा आणि तीनशेची लेन्स

तीनशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये कुटुंब मावत नाही.

जळगावच्या दुकानदाराने हे मला सांगितलं होतं. पण मी त्याला ग्राहकाच्या हक्कांवर व्याख्यान देत असल्यामुळे ऐकू आलं नाही. माझी समजूत साधी होती: लेन्स मोठी म्हणजे फोटो मोठा, फोटो मोठा म्हणजे माणसं जास्त! जुनी बारकी लेन्स त्यालाच देऊन टाकली आणि ही हातभर लांबीची तोफ घेऊन थेट भडगावकडे, आमच्या शेतावर गेलो.

तिथे भरीत पार्टी होती. आणि मला बोलावलं होतं! (यात उद्गारचिन्हासारखं काय आहे, असं वाटणाऱ्यांसाठी खुलासा.) आठ महिन्यांपूर्वी मी 'वीजचोरांनो, लाजा!' असं पत्रक काढून गावभर वाटलं होतं. तारेवर आकडा टाकून फुकट मोटारी चालवणाऱ्यांचा त्यात खरपूस समाचार होता. नाव कुणाचंच नव्हतं. तरी माझ्या सख्ख्या काकांनी, नानांनी, ते मनाला लावून घेतलं. का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता! जळगावच्या माझ्या खोलीवर आठ महिने घरून एक फोन नाही. चुलतबहीण वैशू तेवढी उचलायची, तेही 'नंतर बोलते' म्हणायला. शेवटी आजोबांनी फर्मान काढलं, "बठ्ठा एक फोटूमा पाहिजेत. पव्याले बलावा."

फोटो नीट निघाला की मी घरात परत, असा सरळ मामला.

विहिरीपाशी अठरा माणसं उभी केली. डोळा लावून बटण दाबलं, तर काकूंचं नाक. फक्त नाक! दहा पावलं मागे गेलो. आजोबांची टोपी आणि नानांचा एक कान.

"पव्या, कोठे चालना रे?" आजोबा ओरडले.

"आलोच आबा, थोडं मागे जातो!"

कपाशी ओलांडली. तीन माणसं. बांध चढलो. सात. शेवटी पाटचारीपलीकडे, शेजाऱ्याच्या तुरीत उभा राहिलो तेव्हा अठरा भरली. आता माझा आवाज तिकडे पोचेना. वैशूला फोन लावला.

"नानांना म्हण, जरा हसा."

"ते म्हणतात, तू दिसतच नाहीस, कोणाकडे बघून हसू?"

लेन्समध्ये मात्र सगळे अगदी जवळ होते. काकूंच्या कपाळाला लागलेली राख, आजोबांच्या हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेला खुंट. आठ महिन्यांत पहिल्यांदा अख्खं घर माझ्याकडे बघत होतं. हात पुढे केला तर लागतील असं वाटलं, आणि मी खरंच केला. (तुरीची फांदी लागली.)

तेवढ्यात नानांनी डोक्यावरच्या तारेकडे पाहिलं. मग माझ्या दिशेला. मग पुन्हा तारेकडे.

"अरे, तो आकडाना फोटू काढी ऱ्हायना!"

हे मला फोनशिवाय ऐकू आलं!

पळापळ झाली. काकूंनी भाजलेली वांगी पदराखाली झाकली (त्यांचा विजेशी काय संबंध, देव जाणे!). नाना बांबू घेऊन आकड्याला भिडले. मी घाबरून बटण दाबलं ते सोडलंच नाही. कॅमेऱ्याने धडाधड फोटो ओढले. प्रत्येकात नाना, बांबू आणि आकडा!

धावत परत आलो. "नाना, शपथ, मला आकडा दिसलाच नव्हता!"

"इतली मोठी लेन्स, आनि आकडा दिसना नही?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "पुसी टाक, पोऱ्या."

'सत्यापुढे नातं नाही' असं माझ्या पत्रकावर मीच ठळक छापलं होतं. त्या माणसाला पुरावा पुसायला तीन सेकंद लागले. त्यातही नवखेपणामुळे बोट 'सगळे पुसा'वर पडलं. नानांचे गेले, काकूंचं नाकही गेलं!

नाना आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. "आते परत जाय. नीट काढ."

गेलो. कपाशी, बांध, पाटचारी. डोळा लावला, तर तारेवर आकडा पुन्हा हजर! मी गुपचूप कॅमेरा थोडा खाली केला. खाली पंगत बसली होती. माझी वाट बघून कंटाळले असणार.

"वैशू, मला थोडं भरीत ठेवा गं!"

"ठेवलंय रे तुझ्यासाठी. भरपूर."

लेन्समध्ये नाना भरीत ठेचायची लाकडी बडगी तिरकी करून भाकरीच्या तुकड्याने तिचा तळ पुसत होते. लख्ख दिसत होतं. असत्य उघडं पाडण्याची एवढी सोपी संधी मला कधी मिळाली नव्हती.

"हो, दिसतंय मला," मी म्हणालो. आणि शेजाऱ्याच्या तुरीच्या चार शेंगा, इकडेतिकडे बघत, न विचारता तोडून खाल्ल्या.