खेरवासच्या खटल्याची नकल

देवासला रामाच्या देवळात रोजच्या नैवेद्याचा स्वयंपाक करायला बाई हवी होती, आणि सावित्रीबाईंच्या हातच्या पुरणाबद्दल गावात दोन मतं नव्हती. तरी देवळाचे वहिवाटदार बळवंतराव ओटीवर येऊन बसले, पाणी प्याले आणि मुद्द्याचं सोडून पिकापाण्याचंच बोलत राहिले, तेव्हा सावित्रीबाईंना काय ते कळलं.

"खेरवासचं ना?" दाराआडून त्यांनीच विचारलं.

बळवंतराव खाली बघू लागले. माणूस भला होता. "अक्का, माझ्या मनात काही नाही. पण पंचांपैकी एकजण म्हणाले, नथ चोरल्याचा आळ आलेली बाई देवाच्या सोवळ्यात कशी चालेल? तुम्ही कोर्टातून सुटलात, हे मला ठाऊक आहे. तेवढी निकालाची नकल आणा. कागद पुढे टाकला की कुणी तोंड उघडणार नाही."

सावित्रीबाईंना सगळे अक्काच म्हणत. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. पुढे जाणत्या झाल्यावर लोकांच्या लग्नामुंजींत स्वयंपाकाला जाऊन त्या स्वतःचं पोट भरत आल्या. तेव्हा त्या धारला राहत. काही वर्षांपूर्वी, धार संस्थानातल्याच दूरच्या नांदवण परगण्यात, खेरवासच्या इनामदारांच्या घरी मुलीचं लग्न होतं, तिथे त्या गेल्या होत्या. वरातीच्या सकाळी नवरीची मोत्यांची नथ सापडेना. घरातले सगळे एकमेकांचे, परकी काय ती स्वयंपाकीणबाई. बुंदी पाडता पाडता त्यांना चुलीपुढून उठवलं आणि ठाण्यात नेलं. ठाण्याच्या अंगणातल्या निंबाखाली त्या दोन दिवस बसून होत्या. जमादार खंडोजीने पाण्याची कळशी आणून ठेवली, पण ते पाणी सोवळ्यात चालेना. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून गावातल्या जोशीबुवांच्या बायकोला बोलावून आणलं, तेव्हा त्यांच्या घशाखाली चार घोट उतरले. मग परगण्याचे अंमलदार, कमाविसदार, त्यांच्यापुढे खटला. कारकुनाने काहीतरी भराभर वाचलं आणि म्हणाला, "जा बाई, सुटलात."

सुटलात म्हणजे काय, ते त्यांना पुढे समजलं. धारला ज्या घरी जावं तिथे आधीच दुसरी बाई ठरलेली असे. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त बोलावणं येईना. अखेर त्या धाकट्या भावाकडे, दत्तोपंतांकडे देवासला आल्या. ते शाळेत मास्तर होते.

"भाऊ, धारला जायचं," बळवंतराव गेल्यावर त्या म्हणाल्या.

दत्तोपंतांनी रजा काढली. दमणीतून इंदूर, तिथून महूपर्यंत रेल्वे, पुढे परत बैलगाडी. सोवळ्यामुळे अक्का वाटेत केळी आणि भिजवलेले पोहे यांवरच राहिल्या. धारला मावसबहिणीकडे उतरून भावाबहिणीने कचेरी गाठली. कचेरीबाहेर पिंपळाखाली उमाशंकर नावाचा अर्जनवीस चटई टाकून बसे. त्याने अर्ज लिहिला, त्यावर कोर्टाचं तिकीट लावलं. आतल्या कारकुनाने अर्ज वाचून तसाच परत केला. खटल्याचा नंबर आणि तारीख त्यात नव्हती.

"नाव आहे, गाव आहे, नथ आहे," दत्तोपंत म्हणाले, "एवढ्यावर सापडणार नाही?"

"दप्तराच्या गाठोड्यांवर नंबर असतात मास्तर, नथी नसतात," कारकून म्हणाला. पण वाईट बोलला नाही. "ठाण्याच्या रोजनाम्यात नंबर असेल. तो आणा, मी काढून देतो."

रजा संपत आली होती. दत्तोपंत परत गेले. अक्का नांदवणकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांबरोबर निघाल्या. ज्या वाटेने पुन्हा जायचं नाही अशी मनाशी शपथ घेतली होती, तीच ती वाट. खडी टोचायची, चाक खड्ड्यात गेलं की कंबरेतून कळ उठायची. गाडीवान मालवी बोलीत बैलांशी बोलत होता, ते ऐकत त्या डोळे मिटून बसल्या.

खेरवासच्या ठाण्यात ठाणेदार नवा होता. "बाईजी, पुराना कागद तो सदर गया," तो म्हणाला. "धार में पूछो."

"धारचे म्हणतात इथे विचारा."

"तो मैं क्या करूं?"

त्या निंबाकडे न बघता ओसरीच्या पायरीवर बसल्या. तेवढ्यात आतून एक म्हातारा काठी टेकत आला आणि थबकला. खंडोजी. आता त्याला पेन्शन मिळायची, पण घरी करमत नाही म्हणून ठाण्यात येऊन बसायचा.

"अक्का? तुम्ही?" त्याने जोडे काढले. "परत कशापायी आलात इथं?"

त्यांनी सांगितलं. तो ठाणेदाराच्या कानाशी लागला, पण रोजनाम्याच्या कपाटाची किल्ली ठाण्याच्या कारकुनाकडे आणि कारकून सासरवाडीला. तो येईपर्यंत अक्का जोशीबुवांच्या पडवीत राहिल्या, त्यांच्याकडचे तांदूळ निवडत. कारकून आला, नंबर मिळाला. पुन्हा गाडी, पुन्हा धार. नंबर दिल्यावर कचेरीतल्या कारकुनाने शब्द पाळला. थोडे दिवस लागले, पण नकल हातात पडली. मोडीतला, शिक्क्याचा, स्वच्छ कागद.

अक्कांना मोडी येत नव्हती. पिंपळाखाली उमाशंकरने वाचून दाखवली. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत समजावत तो शेवटाकडे आला आणि अडखळला.

"वाच की," अक्का म्हणाल्या.

"लिखा है... आरोपी बाईवरचा संशय पुरता फिटत नाही. तथापि मुद्देमाल सापडला नाही आणि पुरावा अपुरा, सबब सोडून देण्यात येत आहे."

"चोरी केली नाही, असं कुठे नाही?"

"नहीं बाईजी." उमाशंकरने कागदाची घडी घातली. "पर छूट गयीं न आप. कायद्यात तेच खरं."

अक्का पिंपळाच्या पारावर बसल्या. एवढी धावाधाव करून त्यांनी आपल्या हाताने आपल्यावरचा संशय शिक्क्यासकट विकत आणला होता. हा कागद पंचांपुढे टाकला की उरलेली तोंडंही उघडतील. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. अंगात फक्त शिणवटा होता, ताप उतरल्यावर असतो तसा. घरी जावं, पडून राहावं, एवढंच मनात होतं. पण मग त्यांच्या मनाने घेतलं की ज्यांनी आळ घेतला त्यांनाच एकदा विचारावं, अजूनही असंच वाटतं का. त्याच आठवड्यात त्या तिसऱ्यांदा नांदवणच्या वाटेला लागल्या.

खेरवासला पोचल्या तर थोरले इनामदार वारले होते. कारभार मुलाकडे, प्रतापरावांकडे. त्यांची आई सुभद्राबाई माजघरात पलंगावर होती; मोतीबिंदूने दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत होते.

"कोण म्हणालीस? स्वयंपाकीण सावित्री?" म्हातारीने हात पुढे केला. "अगं, त्या दिवशीची बुंदी तुझ्यानंतर कुणाला जमली नाही."

"आईसाहेब, मी नथीचं विचारायला आले."

"नथीचं काय? ती सापडली की."

अक्कांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"त्याच वर्षी दिवाळीला. शालूच्या घडीत अडकली होती," म्हातारी साधेपणाने सांगत होती. "मी यांना म्हटलं, ठाण्यात कळवा. हे म्हणाले, आता बाई सुटली आहे, उगीच आपली अब्रू कशाला काढायची? तुला कुणी सांगितलं नाही होय?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "मला कुणी नाही सांगितलं."

 म्हातारीच्या ध्यानात हळूहळू आलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. "बाहेर तुला काम मिळतं ना गं?"

"धार सोडावं लागलं," अक्का म्हणाल्या. 

प्रतापराव आल्यावर म्हातारीने त्यांना ठाण्यात जाऊन सांगायला सांगितलं. ते चिडले. "आई, झालं गेलं. खोटी फिर्याद केली म्हणून माझ्याच मागे लागतील!"

"तुझ्या बापाने माझं ऐकलं नाही. तू ऐक. नाहीतर मला गाडीत घाल, मी आंधळी जाऊन सांगते."

प्रतापराव गेले. अक्का गाडीमागून चालत गेल्या. ठाणेदारापुढे प्रतापरावांनी मान वळवून दोन वाक्यांत सांगितलं: नथ घरातच होती, बाईने नेली नव्हती. खंडोजी भिंतीला टेकून ऐकत होता; त्याने डोळे पुसले. ठाणेदाराने रोजनाम्यात नोंद केली, प्रतापरावांची सही घेतली.

"याचा कागद मला मिळेल?" अक्कांनी विचारलं.

ठाणेदार आता नरमला होता. त्याच्या आवाजात दिलगिरी होती. "नकल तो सदर से मिलेगी बाईजी. धार में अर्जी दे दो."

अक्कांना हसू आलं. पहिल्यांदाच. खंडोजीही हसला.

"जाता का अक्का?" त्याने विचारलं.

"नाही रे बाबा. आता पाय उचलत नाहीत."

त्या सरळ देवासला आल्या. घरी येताच ओसरीवर आडव्या झाल्या आणि दोन दिवस फक्त पाण्यासाठी उठल्या. बळवंतराव आले तेव्हा त्यांनी उठून बसत सगळं सांगितलं. मोडीतला कागद पुढे केला नाही. तो बासनात गुंडाळलेलाच राहिला.

"खेरवासच्या रोजनाम्यात आहे," त्या म्हणाल्या. "पंचांना हवं असेल तर त्यांनी माणूस पाठवावा. माझ्याच्याने आता होणार नाही."

बळवंतराव ओशाळले. तेवढ्या दिवसांत देवळात उज्जैनहून दुसरी बाई आणली होती. माणूस कुणी पाठवला नाही. मात्र बळवंतरावांनी ती हकिकत गावात सांगितली असावी, कारण वर्षभरात देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पातींतून अक्कांना लग्नांची बोलावणी येऊ लागली. त्या जात. हातात पहिल्यासारखा वेग नव्हता, पण चव तीच. यजमानीण आपलेपणाने म्हणे, "अक्का, आत या, नवरीचे दागिने बघा," तर त्या परातीतून हात न काढता म्हणत, "राहू दे बाई. मी चुलीपाशीच बरी."