तारागोनातली चोरओटी

पाचव्या महिन्यात मला उन्हाचे डोहाळे लागले. चिंचा-कैऱ्यांचं काही नाही, पाठ भाजून निघेल असं ऊन हवं होतं. हॉलंडमध्ये आमच्या उइटहॉर्नला एप्रिल उजाडला तरी आभाळ ओल्या गोधडीसारखं लोंबत होतं आणि मी हीटरला चिकटून दिवसभर नवऱ्यावर खेकसत होते. शेवटी त्यानं बार्सिलोनाची स्वस्तातली तिकिटं काढली. तिथून रेल्वेनं पुढे गेलं की तारागोना, आणि तिथं भूमध्य समुद्राच्या काठावर रोमन लोकांचे अवशेष. त्याला शाळेपासून रोमन लोकांचं वेड, त्यामुळे माझे डोहाळे आणि त्याची हौस एकाच तिकिटात बसली. इथल्या सुईणबाई तर म्हणाल्या, "जा की! गरोदरपण म्हणजे काय आजार आहे?" इथल्या बायका आठव्या महिन्यातही सायकल हाणतात, त्यांना विमानाचं काय कौतुक.

तेवढ्यात जवळच्याच बाडहूव्हडॉर्प गावच्या वहिनी म्हणाल्या, "मीही येते." वहिनी म्हणजे नवऱ्याच्या मित्राची बायको, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळ यायच्या आधीची आमची दोघांची ही शेवटची सहल, आणि त्यात ह्या कशाला? शिफोल विमानतळावर त्यांच्या पिशवीतून चक्क नारळ निघाला. "स्पेनला जाताना नारळ?" मी विचारलं. "असू दे गं, लागतो कधी," म्हणून त्यांनी तो परत आत कोंबला.

खरं तर मी वहिनींवर चिडलेच नव्हते, चिडले होते आईवर. आमच्याकडे पाचव्या महिन्यात चोरओटी भरतात. गाजावाजा न करता आईनं लेकीची ओटी भरायची: तांदूळ, नारळ, हिरवा खण. पुण्याहून फोनवर आई म्हणाली, "तिथल्या एखाद्या सवाष्णीकडून भरून घे." मी म्हटलं, "तू सातव्या महिन्यात येणारच आहेस ना, तेव्हा तूच भर." तर म्हणाली, "मी आले तरी हात लावणार नाही. स्वयंपाकाचं बघीन." तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून ही शिकलीसवरलेली बाई प्रत्येक शुभकार्यात आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, म्हणून भांडायचं तरी कुणाशी? "मग मला ओटीच नको," म्हणून मी फोन आपटला होता.

तारागोनाला सकाळी लवकर रोमन लोकांच्या उघड्या अँफिथिएटरमध्ये शिरलो आणि माझा सगळा राग जिरला. अर्धगोल दगडी पायऱ्या, मधे मोठं रिंगण आणि पलीकडे थेट निळाशार समुद्र. ऊन तर असं, की मी स्वेटर काढला, मोजे काढले आणि एका पायरीवर पाय पसरून बसकण मारली. नवरा इंटरनेटवरून छापून आणलेले कागद घेऊन खाली रिंगणात उतरला आणि तिथून ओरडून सांगायला लागला, "अगं, इथं माणसांवर सिंह सोडायचे!"

"छान! तू तिथंच थांब," मी वरून ओरडले.

वहिनी माझ्या शेजारी आल्या आणि पिशवी उघडली. तांदळाची पुडी, हळद-कुंकवाचा करंडा, सुपारी, खारका, हिरवा खण आणि तो नारळ. "तुझ्या आईंचा फोन आला होता मला," त्या म्हणाल्या. "रडत होत्या. पाचवा महिना संपायच्या आत पाच सवाष्णींकडून भर म्हणाल्या, आणि तुला आधी सांगू नको, तू नाही म्हणशील. हॉटेलात उरकणार होते, पण तू बसलीयस छान पूर्वेला तोंड करून. ऊठ-बस नको आता."

आई रडत होती हे ऐकल्यावर मी पाय आवरले आणि नीट बसले. वहिनींनी त्यांची ओढणी माझ्या मांडीवर पसरली, मला कुंकू लावलं. पाट नव्हता, पण रोमन लोकांची पायरी होती. पहिली ओंजळ पडते न पडते तोच पहारेकरीण धावत आली. इथं खायला बंदी आहे हे तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. वहिनींना स्पॅनिश येत नाही, त्यामुळे त्या सरळ मराठीत बोलल्या: "खात नाही हो बाई, पोटुशी आहे पोर, ओटी भरतेय." आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. वहिनींनी तिच्या बोटातली अंगठी पाहिली, कुंकू लावलं आणि तिच्या ओंजळीत तांदूळ दिले. झाली दुसरी.

वरच्या पायरीवर तीन डच बायका घरून आणलेले चीजचे पाव लपवत आमच्याकडे बघत होत्या. आमच्याच जवळच्या हार्लेमच्या निघाल्या. वहिनींनी त्यांना डचमध्ये सगळं समजावलं आणि न लाजता विचारलं, "तुमची लग्नं झालीयत ना?" पहिलीचं झालं होतं. दुसरी म्हणाली, "लग्न नाही केलं, पण एकाच माणसाबरोबर वीसेक वर्षं राहतेय." वहिनींनी बोटांवर वर्षं मोजली. मग मला मराठीत म्हणाल्या, "चालतंय. आपल्याकडे लग्न करूनही इतकं कोण धड राहतं?"

तिसरी सगळ्यात वयस्क, पिकल्या केसांची. ती म्हणाली, "झालं होतं. गेल्या हिवाळ्यात नवरा वारला माझा." आणि हात पुढे केले.

वहिनींचा करंडा जागच्या जागी थांबला. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईंना शब्द दिलाय मी."

"द्या त्यांना," मी म्हटलं. "आईला काय सांगायचं ते मी सांगते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्या बाईंकडे पाहिलं. मग करंड्यात बोट बुडवून त्यांच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. आधीच्या चौघींनी पसा-पसा तांदूळ घातले होते. या बाईंनी उरलेली सगळी पुडीच माझ्या ओटीत उपडी केली, वर नारळ ठेवला आणि माझ्या गालाला हात लावला. हात उन्हानं तापलेला होता. "हे एरवी कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"आई," मी मोडक्या डचमध्ये म्हटलं. "पण माझे वडील वारले, म्हणून ती हात लावत नाही."

"म्हणजे?" त्या खरोखरच गोंधळल्या. "तुझी आई तर आहे ना ती अजून?"

मला हसू आलं आणि रडूही. खालून नवरा कागद सांभाळत वर धावत आला, तोवर सहाही जणींचे डोळे ओले होते आणि त्याला काय झालंय ते कुणीच धड सांगेना. त्यानं आपला सगळ्यांचा फोटो काढला.

दुपारी मी स्टेशनाजवळच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. आईनं आधी विचारलं, "जेवलीस का?" आणि मग, "भरली?"

"भरली. पाच जणींनी."

"सगळ्या सवाष्णीच ना?"

"नाही. एकीचा नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. मीच भरायला लावली. सगळ्यात जास्त तांदूळ तिनं घातले, आई, आणि मला सगळ्यात बरं तेव्हाच वाटलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ऐक," मी म्हटलं, "सातव्या महिन्यातली ओटी तू भरणार नसशील, तर मी त्या बाईंनाच बोलावते. हार्लेमला राहतात, येतील बिचाऱ्या."

पलीकडून आईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"परक्या बाईला कशाला घालतेस त्रासात?" ती म्हणाली. "आणि तिथले तांदूळ नकोत. मी येताना आंबेमोहोर घेऊन येते."