दगड जागेवर लावणारा

स्पर्धेच्या सकाळी काशीमीऱ्याच्या त्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात मी पोचलो, तेव्हा ठरवलेले हमाल आलेच नव्हते. हायवेवरच्या दुसऱ्या गोदामात आयत्या वेळी ट्रक लागले आणि चौघेही तिकडे गेले. त्यांना मी दोष देणार नाही. रोजचं काम सोडून वर्षातून एकदा बोलावणाऱ्याकडे कोण येईल? पण त्यांचं न येणं कोणाच्या पाठीवर पडणार, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

आमचा खेळ स्ट्राँगमनचा. ट्रकचे टायर उलटवायचे, दोन हातांत लोखंडी वजनं घेऊन चालायचं, वाळूची पोती छातीशी धरून पळायचं, आणि शेवटी सिमेंटचे गोल दगड उचलून लोखंडी स्टँडवर ठेवायचे. आमच्या या स्पर्धेत फक्त दगडच. दगड पाच, प्रत्येक आधीच्यापेक्षा जड, आणि सगळं एका मिनिटात. बघणाऱ्यांना एवढंच दिसतं. पण एकाने पाच दगड चढवले की पुढच्यासाठी ते पाचही खाली आणावे लागतात. दोघांनी दोन बाजूंनी धरून दगड कलता करायचा, खाली ठेवलेल्या टायरवर हळूच सोडायचा आणि लोळवत नेऊन आखलेल्या खुणेवर लावायचा. बोट मध्ये सापडलं तर बोट गेलंच.

हे काम मी बरीच वर्षं करत आलोय, कारण स्पर्धा भरवणाऱ्या जिमचाच मी. जिम म्हणजे गॅरेजच्या मागची पत्र्याची शेड. ती चालवणारे सर आमच्याच रत्नागिरीकडचे. दर वर्षी म्हणायचे, ‘या वेळी जरा सांभाळून घे. पुढच्या वर्षी तू खेळ.’

यंदा मी त्यांना विचारलंच नाही, सरळ नाव देऊन टाकलं. चाळिशी ओलांडलीय. डावा खांदा वर नेताना कुरकुरतो. दिवसभर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून उठलो की कंबर सरळ व्हायला वेळ घेते. पुढच्या वर्षी हे शरीर माझं ऐकेल याची खात्री नव्हती. पाचवा दगड मला एकदा, लोकांसमोर, वर ठेवायचा होता. शेडमध्ये तो माझ्याकडून चढलेला होता, कसाबसा नाही, चांगला नीट चढलेला. म्हणून बायकोलाही पहिल्यांदाच बघायला बोलावलं होतं.

‘हमाल नाय आले रे,’ सर म्हणाले. ‘तू आपल्या घरचा. तुझा नंबर येईपर्यंत जरा हात लाव ना.’

‘सर, मी आज खेळतोय.’

‘मग काय झालं? तुझा नंबर शेवटून दुसरा. तोपर्यंत तुझा वॉर्म-अप होऊन जाईल.’

वॉर्म-अप! तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मी शर्ट काढून कामाला लागलो. परक्या माणसाला नाही म्हणता येतं, घरच्याला येत नाही. लग्नघरी पंगतीत वाढणाऱ्याची जी गत होते तीच माझी झाली. सगळ्यांना गरम वाढायचं आणि आपण शेवटी थंड भातावर बसायचं.

वसई, ठाणे, पार पुण्याहून पोरं आली होती. दगडाला मिठी मारायची, वर ठेवायचा, ओरडायचं आणि टाळ्या घेत निघून जायचं. मागे वळून कोणी बघत नव्हतं. मी आणि शेडमधला एक गुजराती दोस्त, ज्याचे गुडघे माझ्या कंबरेहून वाईट, आम्ही दोघं दगड उतरवत होतो. ‘जल्दी भाई, जल्दी लगा,’ पुढचा खेळाडू ओरडायचा, कारण पकड बसावी म्हणून हातांना लावलेला राळेचा लेप सुकत असायचा. तोच लेप दगडांवरून आमच्या हातांना लागायचा. ऊन चढलं तसे माझे हात कोपरापर्यंत काळे, चिकट झाले, आणि कंबरेत ती ओळखीची कळ येऊन बसली.

बायको आमच्या इंद्रलोक वस्तीतून रिक्षाने आली तेव्हा मी तिसरा दगड लोळवत होतो. तिने लांबून हात केला. मधल्या वेळात पाणी घेऊन आली ती एकदम खूश.

‘किती करताय अहो! बाकीचे एकदाच करून जातायत, तुम्ही मघापासून थांबलाच नाहीत.’

तिला वाटत होतं मी जिंकतोय. मी सांगितलं, माझी पाळी अजून यायचीय, ही नुसती मदत आहे.

‘मग हे सगळं गुणांत धरत नाहीत?’

‘नाही.’

‘काहीच नाही?’

‘अगं, कशाला धरतील?’

ती खुर्चीवर जाऊन बसली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायच्या आधी तिचा चेहरा जसा होतो तसा झाला होता.

माझं नाव पुकारलं तेव्हा मला आधी बसावंसं वाटलं, हे खरं सांगतो. पहिले दोन दगड सवयीने गेले. तिसऱ्याला दम लागला. चौथा मांडीवरच रेंगाळला, मग गेला. पाचव्याला मिठी मारली. तो मांडीपर्यंत आला, तिथून छातीपर्यंतही आला. स्टँडची कड अगदी समोर दिसत होती. आता कंबरेतून फक्त एक हिसका हवा होता. तो हिसका मी सकाळपासून वसईच्या आणि ठाण्याच्या पोरांना वाटून टाकला होता. दगड पोटावरून घसरत खाली गेला आणि शिट्टी वाजली.

मला भयंकर वाईट वाटलं. एवढ्या माणसांत रडू येईल की काय अशी भीती वाटली.

सर माईकवरून म्हणाले, ‘चांगला प्रयत्न, टाळ्या!’ आणि त्याच दमात, ‘दगड जागेवर लाव रे, शेवटचा खेळाडू राहिलाय.’

आणि मी वाकलो. दगड पडल्यापेक्षा हेच मला जास्त लागलं. कोणी बळजबरी केली नव्हती, हात आपले आपण दगडाकडे गेले होते.

‘अहो सर!’ दोरीपलीकडून बायकोचा आवाज आला. ती उभी राहिली होती. ‘हे आत्ता खेळलेत ना? बाकी कोणाला सांगितलंत का दगड लावायला? ह्यांनाच का?’

लोक हसले. मलाही आधी लाजच वाटली. सरांनी माईक खाली घेतला. मग मी हळूहळू सरळ झालो आणि बाकीचे जातात तसा, दगड पडला तिथेच सोडून, चालत निघालो.

मागे ‘पकड यार उधर से’ असं कोणीतरी म्हणालं. सकाळी टाळ्या घेतलेली दोन पोरं दगडांशी झटत होती. उतरवायचं कसं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ‘बोटं बाहेर काढ,’ एवढं मी ओरडलो आणि बायकोशेजारी जाऊन बसलो.

बक्षिसं झाली, आवार रिकामं व्हायला लागलं, तेव्हा सर आले.

‘रागावलास काय रे?’

‘दमलोय, सर.’

‘हां, ते तर झालंच.’ ते थोडे घुटमळले. ‘टेम्पो आलाय. दगड कोण भरणार?’

बायको पर्स खांद्याला लावून उभी होती. माझ्याकडे बघत होती, पण या वेळी माझ्या वतीने बोलणार नव्हती.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.

खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते मलाच माहीत असायचं. कोण धरणार, कोण भरणार, कोण मागे थांबणार. दगडांनी मी दमलो होतोच, पण त्याहून जास्त याने दमलो होतो, आणि हे मला सरांसमोर उभं असताना कळलं. मी शर्ट उचलला आणि आम्ही दोघं रिक्षा बघायला रस्त्याकडे निघालो.