गारी झाली

वाशी-बेलापूरच्या मधल्या आमच्या शिरवणे गावात ‘ड’चा ‘र’ करतात. गाडी ती गारी, घोडा तो घोरा, आणि रूपेश वरच्या मजल्यावरच्या खोलीत प्लास्टिकचे जे बनवत बसतो ते रनगारे. सेक्टरातली माणसं हसतात. हसू देत. त्यांच्या सोसायट्यांखालची जमीन याच बोलीत नांगरलेली आहे.

रूपेश बनवत बसतो म्हटलं, पण हा माणूस बसत नाही. चहा उभ्यानं पितो. गावठाणात चार मजली घर, खालचे मजले भाड्यानं, सकाळी कुठं जायची घाई नाही. म्हणून पायांनाच काम लागतं. मासळी आणायला दिवाळे गावच्या बंदरावर जातो आणि वाटेत कुणाची तरी बंद पडलेली रिक्षा ढकलून, मासळी न आणताच परत येतो. पोल्ट्री काढली, केबलचा धंदा केला, टेम्पो घेतला. प्रत्येक धंदा ऐन रंगात येताना सोडून दिला.

त्याची प्लास्टिकची विमानंही तशीच. फळीवर एक मिग आहे, त्याला चाकं नाहीत. एका लहान लढाऊ विमानाला वैमानिकावरची काच नाही. जीप आहे, तिला स्टिअरिंग नाही. जोडायच्या भागांचा खोका आणायचा, फ्रेममधले भाग नखाएवढे असले तरी सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि शेवटचं थोडं राहिलं की याच्या अंगात मुंग्या. उठला की दुसरा खोका.

घटस्थापनेच्या दिवशी त्याची बायको संध्या फळीवरची धूळ झटकत म्हणाली, “एवरा सगला अर्धवट घेऊन तुमी कुठं जानार? वाशीला परदर्शन हाय ना दसऱ्यानंतर? त्यात एक तरी पुरा करून ठेवा. नायतर ही खोली मी भारेकरूला देते. त्या बँकेतल्या पोराला पायजेच हाय.”

“दे ना. मना काय,” रूपेश म्हणाला, पण त्याच दुपारी त्यानं रणगाडा हातात घेतला. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या फौजेनं चालवला तो, टी-पंचावन्न. खोली गेली तर हा माणूस रस्त्यावर फिरून फिरून चपला झिजवणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

नवरात्रभर तो उठत-बसत काम करत राहिला. पट्ट्याची एकेक कडी जोडली. हिरवा रंग दिला, कडांना चिखलाचा रंग दिला. दसऱ्याच्या सकाळी फक्त वरून वार्निशचा हात राहिला. तो वाळायला वेळ लागतो, आणि वाट बघणं म्हणजे रूपेशला दाढदुखी. त्यानं ब्रश ठेवला, जिन्यातूनच ओरडला, “आये, गारी झाली!” आणि झेंडूची फुलं आणायला नाक्यावर निघून गेला.

आई, भागीरथी, खाली भाडेकरूंच्या स्कूटरींना हळदकुंकू लावत होती. गाडी झाली म्हटल्यावर आमच्याकडची बाई जे करते तेच तिनं केलं. ताट घेऊन वर गेली.

रूपेश आला तर रणगाड्याच्या कपाळावर ओल्या हळदीची पाच बोटं, त्यावर कुंकवाची पाच, दोन तांदूळ चिकटलेले, आणि तोफेच्या नळीला हार.

“आये, ह्या काय केलास?”

“तूनी बोल्लास ना, गारी झाली. मीनी हलद-कुकू लावला. नारल तेवरा तुना फोराचा हाय.”

“अगं, वार्निश र्‍हायला व्हता.”

“मंग झाली कशाला बोल्लास?”

त्यानं ओला फडका फिरवला. वार्निशशिवायचा रंग म्हणजे कोरी भिंत. हळद आत शिरली आणि डाग हातभर वाटावा असा पसरला.

मग त्यानं हौसेरावांना फोन लावला. हे बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे, विमानं जोडणाऱ्यांच्या मंडळाचे म्होरके. नाव आईबापांनी ठेवलेलं. हौस पेन्शनीबरोबर आली. स्कूटरवरून आले, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

“रूपेशराव, मापाचा विचार करा. ही गाडी खऱ्याच्या पस्तीसपट लहान. म्हणजे हे बोट खऱ्या मापात सव्वादोन फूट रुंद झालं. एवढ्या हाताची बाई पलटणीत असती तर रणगाडा लागलाच नसता.”

“काय बोल्ला तो?” भागीरथीनं सुनेला विचारलं.

“तुमचा हात मोठा हाय बोलतान.”

“हाय मोठा. मिठागरात फावरा मारलाय.” आणि मग मुलाकडे वळून, “उन्हात ठेव. हलद उन्हाला जाते. लुगऱ्यावरची जाते तं ह्याची नाय जानार?”

रूपेशनं गच्चीवर ठेवला. पण ऑक्टोबरचं ऊन, पातळ प्लास्टिक. थोड्या वेळात तोफेची नळी मान टाकायला लागली. ठेवून खाली जायची सोय नव्हती. फिरवायचं, नळीवर ओला रुमाल धरायचा, डाग तेवढा उन्हात ठेवायचा, पुन्हा फिरवायचं. पाण्याच्या टाकीला पाठ लावून हा माणूस बसला. आमच्या आळीत कुणीही त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून शेजारचा मिथुन समोरच्या गच्चीवरून विचारून गेला, “दादा, तब्येत बरी हाय ना?”

“तब्येतीला काय झालाय? रनगारा राखतंय.”

“राख राख. शत्रू येईल.”

पाय सारखे हलत होते, पण बूड हललं नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत हळद गेली. बाजारचं कुंकू मात्र राहिलं, गुलाबी. तेवढ्या भागावर त्यानं पुन्हा हिरवा दिला, पुन्हा चिखल, आणि मग वार्निश. वार्निश दिल्यावर बोट लावून बघायची त्याला खोड. म्हणून संध्यानं त्याला खोलीबाहेर काढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तो जिन्यात वर-खाली करत राहिला. दिवाळ्याला जाऊन आला. मासळी घेऊन आला, हे विशेष.

प्रदर्शनाच्या दिवशी भागीरथीही निघाली. वाशीच्या हॉलात पांढऱ्या कापडाची टेबलं, त्यांवर विमानं, तोफा, जहाजं. हौसेरावांनी रूपेशचा रणगाडा ठेवला, किंचित वाकडी नळी भिंतीकडे वळवली. रूपेश दाराशी गेला, परत आला, पाण्याच्या पिंपाशी गेला. परीक्षक दोन टेबलांच्या अंतरावर आले होते.

तेवढ्यात भागीरथीनं कनवटीची डबी काढली, बोट कुंकवात बुडवलं आणि लावलं. रणगाड्याच्या कपाळावर, बरोबर त्याच जागी.

हौसेरावांचा हात डोक्याला गेला. “अहो वहिनी, आत्ता?”

“तवा झाली नव्हती. आता झाली बोलतंय ना तो? मंग बघू दे.”

रूपेश टेबलाशी आला. पिंपाजवळ भिजवलेला रुमाल त्याच्या हातातच होता. संध्या बघत होती. त्यानं एकच हात फिरवला. कुंकू सगळं रुमालावर आलं. वार्निशखाली हिरवा जसाच्या तसा, चिखलाचा ठिपकाही हलला नाही.

“निघाला?” भागीरथीनं विचारलं.

“निघाला.”

“मंग झाली,” ती म्हणाली, आणि डबी कनवटीला लावून बसायला खुर्ची शोधायला गेली.

संध्यानं कमरेची किल्ली काढून रूपेशच्या खिशात टाकली. “त्या बँकेतल्या पोराला मी नाय सांगते. पन आता त्या मिगला चाका लावा.”

परीक्षक टेबलाशी पोचले तेव्हा रूपेश तिथं नव्हता. बाहेर कुणाची तरी रिक्षा ढकलत होता.